साठ हजार आणि आठवी रांग

मावशीचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीहून घरी येताना भूमकर चौकात अडकलो होतो. "अरे, साठ हजारांत सगळ्यात चांगला फोन कुठला?" एवढंच तिनं विचारलं. असा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. नात्यागोत्यात एकदा 'याला मोबाइलमधलं कळतं' असा शिक्का बसला की तो काही केल्या पुसला जात नाही. माझा उलट प्रश्न ठरलेला, कशासाठी हवाय? त्यावर येणारं उत्तरही ठरलेलं, सगळ्यासाठीच रे. मावशी मात्र म्हणाली, "मुलींचे चेहरे दिसत नाहीत."

मावशी सहकारनगरात कथक शिकवते. चाळीसेक मुली आहेत. वर्षातून एकदा, कोजागरीच्या आसपास, नाट्यगृह घेऊन मोठा कार्यक्रम होतो. त्याचं चित्रीकरण आठव्या रांगेतून, २०१९ साली घेतलेल्या फोनवर. मध्ये दोन वर्षं व्हिडिओवाला बोलावून पाहिला. त्यानं तीन महिन्यांनी जी फीत दिली तिच्यात तत्कार चालू असताना कोपऱ्यातून गुलाबाच्या पाकळ्या उडत होत्या आणि नेमक्या त्याच वेळी पाय दिसत नव्हते. तेव्हापासून मावशीनं त्याचं नाव टाकलं. तिला फीत हवी असते ती शिकवायला. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर लावायची, थांबवायची आणि 'इथे बघ, समेवर येताना मान कुठे गेली' असं दाखवायचं.

साठ हजारांतले पंचेचाळीस तिनं फीमधून बाजूला ठेवले होते आणि पंधरा काका घालणार होते. काकांची अट एकच होती, साठावर एक रुपया जाणार नाही.

रविवारी सकाळी तिच्याकडे गेलो आणि आधी गेल्या वर्षीची फीत टीव्हीवर पाहिली. नवा फोन शोधण्याआधी जुन्याचं नेमकं काय दुखतंय ते पाहावं, एवढं मी आता शिकलोय. चार दुखणी निघाली. पहिलं, चेहरे पांढरेफटक, पिठात बुडवल्यासारखे. दुसरं, चक्कर सुरू झाली की हातांचा धूर व्हायचा आणि पडद्यावर आडवे पट्टे सरकायचे. तिसरं, झूम केलं की नाक-डोळे विरघळायचे. चौथं, तबल्याची थाप पडली की आवाज फाटायचा.

यातलं पहिलं दुखणं फोनच्या किमतीशी फारसं संबंधित नाही. रंगमंचावर मागचा पडदा काळा असतो आणि उजेडाचा झोत फक्त मुलीवर असतो. फोन सगळ्या चौकटीची सरासरी काढतो, चित्र फार काळं आहे असं समजून उजेड वाढवतो आणि त्यात चेहरा जळतो. पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरायचं, फोकस आणि उजेड कुलूपबंद करायचे आणि शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह खाली ओढायचं. दहा हजारांच्या फोनलाही हे जमतं. दुसऱ्या दुखण्याचं मूळ विजेत आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे त्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटरचा वेळ, म्हणजे एकेका फ्रेमसाठी कॅमेरा उजेड किती वेळ आत घेतो तो, त्या तालाशी जुळला नाही की पट्टे येतात. १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला की बहुतेक वेळा ते जातात. त्यातही १/१०० बरा, चक्करमधला हातांचा धूर त्यानं निम्म्यावर येतो. फक्त त्यासाठी व्हिडिओत शटर हातानं ठरवता यायला हवं, आणि मावशीच्या जुन्या फोनच्या कॅमेऱ्यात ती सोय नव्हती.

चेहऱ्यांचा उपाय फुकट आहे हे मी मावशीला त्या दिवशी मुद्दामच सांगितलं नाही. काका शेजारी बसले होते. लगेच पंधरा हजार परत मागितले असते.

खरा मुद्दा होता तिसरा. त्याचं गणित मी तिथेच, कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर मांडलं. आठव्या रांगेपासून रंगमंचाच्या मध्यापर्यंत साधारण १५ मीटर धरले. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची दृष्टी जुन्या कॅमेऱ्याच्या भाषेत २४ मिलिमीटरच्या आसपास असते. त्या हिशेबानं १५ मीटरवर चौकटीत साडेबावीस मीटर रुंदीचं दृश्य मावतं. रंगमंच दहाएक मीटरचा. म्हणजे निम्म्याहून जास्त चौकट नुसत्या अंधारावर आणि पुढच्यांच्या डोक्यांवर खर्च होते. दुप्पट झूमला रुंदी सव्वाअकरा मीटरवर येते, तेव्हा समूहनृत्य नेमकं बसतं. तिप्पट झूमला साडेसात मीटर, एकल नृत्यासाठी ते बरोबर. व्हिडिओत हात हलला तरी चित्र हलू नये म्हणून फोन कडा आणखी थोड्या कापतो, ते वेगळंच.

आता ४८ किंवा ५० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून दुप्पट झूमसाठी मधला चौथा हिस्सा घेतला तर १२ मेगापिक्सेल उरतात. फोर-के व्हिडिओच्या एका चौकटीला सुमारे ८.३ लागतात, तेव्हा भागतं. तिप्पटला मात्र नववा हिस्सा येतो, म्हणजे जेमतेम ५.३. उरलेलं फोन अंदाजानं भरतो. नाक-डोळे विरघळतात ते इथे. म्हणजे आपल्याला हवा तिप्पट झूमचं वेगळं, दूरचं भिंग (टेलिफोटो) असलेला फोन. दोनशे मेगापिक्सेल, आठ-के, एआय यांचा या कामाशी संबंध नाही. आणि जाहिरातीत झळकणारा तो अतिरुंद (अल्ट्रावाइड) कॅमेरा तर आठव्या रांगेतून पूर्ण निरुपयोगी. त्यात फक्त प्रेक्षागृहाचं छत छान येतं.

या एका चाळणीनं यादी भराभर आटली. (किमती सगळ्या तेव्हाच्या.) मावसबहिणीचा नवरा आयफोनसाठी भांडत होता. व्हिडिओच्या बाबतीत त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण सप्टेंबर २०२५ मध्ये आयफोन १७ आल्यावर आयफोन १६ची अधिकृत किंमत ६९,९०० वर आली, तरीही ती साठाच्या वरच होती, आणि त्याला दूरचं वेगळं भिंग नाही. गूगलचा पिक्सेल ९ए ४९,९९९ ला निघाला होता. त्याला सात वर्षं अपडेट मिळतात, तो हाताळायला सुटसुटीत आहे. पण दूरचं भिंग त्यालाही नाही. वनप्लस १३एस ५४,९९९ चा, प्रोसेसर दणकट, भिंग मात्र दुपटीचं. उरले दोघे. पहिला सॅमसंगचा गॅलेक्सी एस२४, जानेवारी २०२४ मध्ये ७९,९९९ ला आलेला आणि तेव्हा सेलमध्ये साठाच्या बराच खाली उतरलेला. दुसरा विवोचा एक्स२०० एफई, जुलै २०२५ चा, ५४,९९९. दोघांनाही तिपटीचं भिंग आहे. एस२४चा तो कॅमेरा १० मेगापिक्सेलचा, एफईचा ५० चा. एस२४चं वजन १६७ ग्रॅम आणि बॅटरी ४,००० एमएएच, एफई १८६ ग्रॅमचा आणि बॅटरी ६,५०० ची.

कागद इथवर नेतो. पुढे घाम गाळावा लागतो.

पुढच्या शनिवारी तालमीला गेलो. बरोबर मागून आणलेले दोन फोन होते, एक मावसबहिणीचा, एक ऑफिसातल्या मित्राचा, आणि तिसरा मावशीचा जुना. हॉलची लांबी ४० फूट. मागच्या भिंतीला टेकून तिन्ही फोन खुर्च्यांवर, पुस्तकांना टेकवून उभे केले. ट्यूबलाइट घालवल्या आणि मुलीवर फक्त एक टेबललॅम्प वळवला. मावशीची सगळ्यात जुनी शिष्या समोर. सत्तावीस चक्करांचा तोडा.

"बोट ठेव," मी भाच्याला म्हणालो.

ही युक्ती फार कमी लोक वापरतात. झूम तिपटीवर नेल्यावर पडद्यावर '३' दिसतो खरा, पण उजेड कमी असेल तर बरेच फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्याकडे वळतात आणि त्याच्याच चित्रातून तुकडा कापून मोठा करून दाखवतात. दूरच्या भिंगात उजेड कमी शिरतो, म्हणून त्यांची ही पळवाट. ओळखायचं कसं? दूरच्या भिंगावर बोट ठेवायचं. चित्र काळं झालं तर तो खरोखर त्या भिंगातून बघतोय. भाच्यानं बोट ठेवलं आणि पडद्यावर शिष्या आपली गोल फिरतच राहिली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. त्या फोनचं दूरचं भिंग निव्वळ शोभेला होतं, निदान त्या उजेडात. दुसरा फोन बोटानं काळा झाला खरा, पण पस्तीसेक मिनिटांनी तापला, पडदा मंद केला आणि थोड्या वेळानं चित्रीकरणच थांबवलं. फोर-के, सेकंदाला ६० फ्रेम, सप्टेंबरची दमट दुपार आणि वर जाड रबरी कव्हर, एवढं एकत्र आलं की बिचारा काय करणार. फोनांची नावं मुद्दाम लिहीत नाही. मागून आणलेल्या एकेका नगावरून कंपनीची अब्रू काढण्यात अर्थ नाही. आम्ही दोन गोष्टी शिकलो. साठ फ्रेमची हौस सोडायची आणि चित्रीकरणाच्या वेळी कव्हर काढून ठेवायचं.

तालमीत आणखी एक शहाणपण सुचलं. आयफोनच्या सेटिंगमध्ये आकडे लिहिलेलेच असतात. फोर-के ३० फ्रेमला मिनिटाला साधारण १७० एमबी, फुल एचडीला ६०. दीड तासाचं चित्रीकरण फोर-केमध्ये झालं तर १५ जीबीच्या वर जातं. गूगल फुकटात देतं ती जागाही १५ जीबीच, मेल आणि फोटो धरून. मावशी पालकांना दुवा पाठवणार होती, तिचं खातं एका संध्याकाळीत ओसंडलं असतं. तेव्हा ठरलं की एकल नृत्यं नव्या फोनवर तिप्पट झूमनं फोर-केमध्ये घ्यायची आणि सगळा रंगमंच दिसणारं समूहाचं चित्रीकरण फुल एचडीमध्ये, जुन्या फोनवर, एका जागी खिळवून.

म्हणजे जुना फोन द्यायचा नाही. एक्सचेंजमध्ये दुकानदार त्याचे जे काही हजार-दोन हजार देणार होते, त्यापेक्षा दुसरा कॅमेरा म्हणून तो कितीतरी महाग होता. काकांना हे पटायला चहाचे दोन कप लागले.

काकांचं दुसरं म्हणणं असं की थोडं थांबावं. २२ सप्टेंबरपासून जीएसटी उतरतोय, पेपरात आलंय. उतरला तो मोठे टीव्ही आणि एसी यांच्यावरचा, २८ वरून १८ वर. मोबाइल १ एप्रिल २०२० पासून १८ टक्क्यांतच होता आणि तिथेच राहिला. ५४,९९९ मध्ये ८,३९० रुपये कराचेच, हे कळल्यावर काका पाच मिनिटं सरकारवर बोलले आणि विषय मिटला. त्यांच्या मित्राचा सल्ला होता की बुधवार पेठेतून वापरलेला, वरच्या दर्जाचा फोन घ्या. घेता येतो, त्यात वाईट काही नाही. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढायचा आणि केवायएम (KYM), जागा सोडून तो आकडा, असा संदेश १४४२२ वर पाठवायचा, फोन काळ्या यादीत आहे का ते कळतं. पण बॅटरी किती शिणलेली आहे हे संदेशानं कळत नाही. आमचं सगळं काम तर बॅटरीवर.

मग दुकान. टिळक रोडवरचं. मावशी, मी आणि काका. विक्रेता पोरगा उत्साही होता. त्यानं चिप, बेंचमार्क, पडदा किती निट्सचा, सगळं एका दमात म्हणून टाकलं. मावशी ऐकत होती, शिष्येची पढंत, म्हणजे बोल म्हणून दाखवणं, ऐकावी तशी, मान डोलावत. संपल्यावर म्हणाली, "बरं. आता तू तिकडे त्या टोकाला जाऊन उभा राहा आणि हात हलव." तो गेला. एका हातात एक फोन, दुसऱ्यात दुसरा. दिवसाउजेडी, शोरूमच्या झगझगाटात दोन्ही फोन चांगलेच दिसणार, म्हणून मी पोराला आतल्या गोदामाच्या दारात उभं केलं, तिथे अंधुक होतं. मावशीनं भिंगावर बोट ठेवलं. पोरगा लांबूनच ओरडला, "मॅडम, कॅमेऱ्यावर बोट आलंय!"

"मुद्दामच आलंय," मावशी म्हणाली.

गोदामाच्या दारातल्या चित्रात एफईचा चेहरा जास्त ठाम आला. डोळ्यांच्या कडा, कानातलं, शर्टावरच्या रेघा सुट्या दिसत होत्या. एस२४ हातात मात्र सुरेख बसत होता आणि मावशीला तो सोडवेना. तिचा शेवटचा हुकमी एक्का होता अपडेटचा. हा सात वर्षं अपडेट देतो आणि तो पाच, असं त्या पोरानंच सांगितलं होतं. इथे जरा बोटांवर मोजावं लागतं. सात वर्षं मोजायची ती फोन बाजारात आला तेव्हापासून, आपण घेतला तेव्हापासून नाही. एस२४ आला जानेवारी २०२४ मध्ये, तो २०३१ च्या जानेवारीपर्यंत. एफई जुलै २०२५ चा, सुरक्षेची पाच वर्षं धरून २०३० च्या जुलैपर्यंत. फरक उरला सहा महिन्यांचा. जुना वरच्या दर्जाचा फोन स्वस्तात घेताना त्याची उडालेली वर्षंही आपण विकत घेत असतो, हे कुठल्याच फलकावर लिहिलेलं नसतं. मात्र मावशीला कॅमेऱ्यासाठी नको असता, रोजच्या वापराला हवा असता, तर मी डोळे झाकून एस२४ घ्यायला सांगितलं असतं.

ठरलं. आता पैसे. पोरगा म्हणाला, "बारा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय करून टाका, व्याज शून्य." शून्य नसतं. व्याज लागतंच, फक्त तेवढी रक्कम आधी किमतीतून वजा करून दाखवतात. वर्षाला १६ टक्के धरले तर ५४,९९९ मध्ये व्याजाचा भाग निघतो साधारण ४,४८०. तो वजावटीत फिटतो. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, ८०० च्या वर, तो आपणच भरायचा, शिवाय बँकेचं प्रक्रिया शुल्क वेगळं. म्हणजे हजारेक रुपये. जवळ पैसे असताना हे कशाला? एकरकमी दिले, कार्डावर ४,००० ची सूट मिळाली, ५०,९९९ ला फोन. कव्हर आणि काच ९००. तिवई १,८००, चांगली जड घेतली, हलकी असली की शेजारच्या खुर्चीतला माणूस उठला तरी चित्र डोलतं. आणि यूएसबी-सीत बसणारा बिनतारी माइक, ३,५००. एकूण ५७,१९९. उरलेले २,८०१ काकांनी मागितले. मावशीनं दिले नाहीत.

रंग तिनं पिवळा निवडला. पोरगा म्हणाला करडा जास्त खपतो. "असेल," मावशी म्हणाली, "अंधाऱ्या विंगेत मला करडा सापडणार नाही."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी आठव्या रांगेत, दोन तिवया आणि दोन फोन घेऊन. शटर १/१००, चेहऱ्यावर कुलूप, सूर्य खाली. प्रमुख पाहुणे चाळीस मिनिटं बोलले तेव्हा मी चित्रीकरण बंद ठेवलं, बॅटरीची ती बचत कुठल्याही माहितीपत्रकात नसते. तीन तासांनी फोन अर्ध्याच्या वर होता. एक घोळ माझ्या हातून झालाच. माइक तबल्याच्या जवळ ठेवला आणि त्याची पातळी मुलींच्या घुंगरांवर लावून बघितली, थापेवर बघितलीच नाही. पहिली दहा मिनिटं तबला फाटलेला. नशीब, जुना फोन लांबून साधाच आवाज घेत होता, तो त्यामानानं कमी फाटलेला, तिथे जोडून टाकला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशीकडे सातआठ मुली दाटीवाटीनं सोफ्यावर आणि खाली. टीव्हीवर मोठ्या शिष्येचं एकल नृत्य चालू. चेहरा दिसत होता, पापण्यासुद्धा. काका कौतुकानं म्हणाले, "पैसे वसूल." मावशीनं रिमोट उचलला, थांबवलं, थोडं मागे नेलं, पुन्हा थांबवलं.

"डावा अंगठा," ती म्हणाली. "तीन वर्षं मला वाटत होतं तुझा हात जड आहे. हात नाही गं, अंगठा बाहेर राहतोय."

मुलगी उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेली आणि स्वतःच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिली.